बँडवाल्याचा डगला

मागच्या वर्षी पुण्यात एका मित्राच्या घरी पार्टी होती. माझ्या अंगात ब्लॅक सॅबथचा टी-शर्ट. एक जण जवळ आला आणि म्हणाला, "यांची तीन गाणी सांग बघू." मी सांगितली. मग त्यानं गाव विचारलं. धाराशिव म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना, म्हणून उस्मानाबाद म्हटलं. त्यावर तो अगदी मनापासून, कौतुकानं म्हणाला, "अरे वा! तिकडंही पोचलंय का हे?"

त्यानंतर दिवाळीला गावी गेलो. खांद्यापर्यंत आलेले केस बघून चुलते ओसरीवरूनच ओरडले, "ह्यो काय अवतार रं? पोतराज व्हायचंय का?"

ही दोन वाक्यं मला वेगळी वाटत नाहीत. पुण्यातल्या माणसाला वाटतं की रॉक ही त्याच्या वर्गाची, त्याच्या शाळेची, त्याच्या थोरल्या भावाच्या कॅसेटच्या कपाटाची मालमत्ता आहे. माझ्यासारखा कुणी त्यात दिसला तर तो पाहुणा. चुलत्यांना वाटतं की हे आपलं नाही, साहेबाचं आहे. दोघंही संगीताचा सातबारा काढून बसलेत आणि दोन्ही उताऱ्यांवर माझं नाव नाही. हा लेख त्या दोन्ही तलाठ्यांविरुद्ध आहे. शेवटी थोडा माझ्याविरुद्धही आहे, पण ते नंतर.

माझ्याकडं रॉक कुठल्या थोरल्या भावाकडून आला नाही. दहावीच्या आसपास तुळजापुरात बसस्टँडजवळ मोबाइल रिपेअरिंगच्या टपरीवर वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. त्यात 'इंग्लिश बेस्ट' नावाचं फोल्डर होतं. कुणी, कशाच्या आधारे ते बनवलं देव जाणे, पण त्यात क्वीन होतं, ईगल्स होते, आणि डीप पर्पलचं एक गाणं अर्धंच होतं, दोन मिनिटांनी तुटायचं. ते पूर्ण गाणं मी तीन वर्षांनी सोलापूरला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर ऐकलं. तोपर्यंत माझ्या डोक्यात ते तिथंच संपत होतं.

गाण्यांचे शब्द फारसे कळायचे नाहीत. आवाज मात्र ओळखीचा वाटायचा. त्या फाटलेल्या, खरखरीत गिटारीत परकं काय आहे, असं मला कधी वाटलंच नाही. याचं कारण फार उशिरा लक्षात आलं.

आमच्या भागात लग्नाची वरात निघते तेव्हा गाड्यावर बँजो असतो. पाश्चात्त्यांच्या वाद्याशी त्याचं फक्त नाव जुळतं. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ जपानी: १९१२ च्या सुमारास नागोयात तयार झालेलं टायशोगोटो, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं असलेलं. ते हिंदुस्थानात आलं, महाराष्ट्रात आपण त्याला पिकअप बसवला, ॲम्प्लिफायरला जोडलं, ॲम्प्लिफायर जनरेटरला जोडला आणि आवाज शेवटच्या टोकाला नेला. ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरीचा माथा सपाट कापला जातो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे आम्हाला 'क्लिपिंग' म्हणून, दोष म्हणून शिकवलं. लंडनमध्ये डेव्ह डेव्हिस नावाच्या पोरानं आपल्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला आणि त्या फाटक्या आवाजात किंक्सचं १९६४ चं प्रसिद्ध गाणं वाजवलं. त्याला इतिहासात जागा मिळाली. वरातीतल्या बँजोवाल्याचाही आवाज फाटतो. त्याला काय मिळतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

तेव्हा शुद्धतेच्या गप्पा मला सांगू नका. पेटी युरोपातून आली, आणि ती परकी, आपल्या श्रुतींना न मानवणारी म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती. आज पेटीशिवाय भजन करून दाखवा. व्हायोलिन, क्लॅरिओनेट, ट्रम्पेट, कॅसिओ. आमच्या गावातला एकही उत्सव परदेशी वाद्याशिवाय पार पडत नाही. मग माझी गिटारच तेवढी साहेबाची कशी?

पण माझा खरा राग कपड्यांवरून आहे. संगीतावर लोक निदान वाद घालतात. कपड्यांवर नुसतं हसतात.

जिमी हेंड्रिक्सचा एक डगला प्रसिद्ध आहे. सोनेरी गोफांची वीण असलेला, जुन्या ब्रिटिश घोडदळाच्या गणवेशातला. लंडनमधल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून त्यानं तो घेतला. एका काळ्या माणसानं साम्राज्याचा गणवेश अंगात घालून उलट्या धरलेल्या गिटारवर तांडव करणं, ही गोष्ट काही इंग्रजांना झोंबली. आज त्या डगल्यावर लेख लिहिले जातात, त्याच्या नकला महागात विकल्या जातात.

आता आपल्या बँडवाल्याचा डगला डोळ्यापुढं आणा. लाल किंवा निळा, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर दोरांची वीण, डोक्यावर तुऱ्याची टोपी. हा गणवेशही त्याच ब्रिटिश पलटणींच्या बँडचा. म्हणजे हेंड्रिक्स आणि आमचा ब्रासबँडवाला एकाच वंशातला कोट घालतात. एकाचा फोटो कॅफेच्या भिंतीवर लागतो. दुसऱ्याला लग्नात शेवटच्या पंगतीला, कित्येकदा मांडवाबाहेर, पत्रावळ मिळते. कारण तो कोण असतो, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. हलगी, सनई, बँड ही वाद्यं वाजवणारी घरं बहुतेक ठिकाणी गावकुसाबाहेरची आहेत. ज्यांच्याशिवाय वरात निघत नाही, त्यांना वरातीत नाव नसतं.

चुलते मला पोतराज म्हणाले ते शिवी म्हणून. मला ती शिवी लागलीच नाही. कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, मोकळे लांब केस, हातात कोरडा, पायात घुंगरू: रंगमंचावर उभं राहायची इतकी जबर समज कुठल्या रॉकवाल्याकडं आहे? गोंधळ्याचं बघा. घोळदार झगा, गळ्यात कवड्यांच्या माळा, जळता पोत, एक जण संबळावर, एक तुणतुण्यावर, आणि रात्रभर चालणारा खेळ. 'स्टाइल' ही चीज आम्ही बर्मिंगहॅमहून आयात केली असं ज्याला वाटतं त्यानं नवरात्रात तुळजापूरला यावं.

फ्रेडी मर्क्युरीचा विषय निघाला की आपल्याकडं लगेच पाचगणी निघते. फरूख बलसारा, झांझिबारमध्ये १९४६ साली जन्मलेला पारशी मुलगा, तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा, हे सगळं खरं. पण त्यावर आपली छाती फुगायचं कारण काय? १९८६ साली वेम्बलीत घातलेला तो पिवळा जाकीट आणि त्याच्या मिशा घेऊन तो साताऱ्याच्या बाजारात उभा राहिला असता तर आपण काय म्हटलं असतं, हे प्रत्येकानं मनाशी कबूल करावं. माणूस मोठा होऊन, लांब जाऊन, मरून गेला की आपण त्याला आपला म्हणतो. जवळ असतो तोवर 'हा काय अवतार' म्हणतो.

मला या मंडळींकडून काय मिळालं ते सांगतो. टोनी आयॉमी हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला पोरगा. १९६५ साली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. त्यानं साबणाच्या प्लास्टिक बाटलीचे तुकडे वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा झेपेनात म्हणून गिटारला बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढं तारा सैल करून सूर खाली उतरवला, आणि तो जो जड, खोल आवाज निघाला त्यावर हेवी मेटल नावाचं सगळं घर उभं आहे. ब्रायन मेनं १९६३ मध्ये बापाबरोबर घरी गिटार बनवायला घेतली: लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, स्प्रिंग मोटारसायकलच्या इंजिनातल्या, खुणांना आईच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. तीच गिटार तो आजही वाजवतो. मधल्या काळात सोडून दिलेली खगोलशास्त्राची पीएचडी त्यानं २००७ साली पूर्ण केली, ते वेगळंच.

माझे वडील मोटार रिवाइंडिंगचं काम करतात. बोअरच्या जळालेल्या मोटारी. स्पेअर पार्ट सोलापूरहून यायला दोन दिवस लागतात आणि पीक थांबत नाही, म्हणून जे हाताशी असेल त्यातून त्यांना मोटार सुरू करून द्यावी लागते. आयॉमीची टोपणं त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी फोन जवळ घेऊन नीट बघितलं आणि एवढंच विचारलं, "घामानं निसटत न्हाईत का?" पुण्यातल्या त्या पार्टीत हा प्रश्न कुणालाही सुचला नसता.

आता माझ्यावर येतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी नवरात्रात मी तुळजापुरात एका गोंधळ्याचं संबळ फोनवर रेकॉर्ड केलं. त्यातला चार मात्रांचा तुकडा कापून लूप बनवला, त्यावर गिटार, बेस, बाकी सगळं घरी वाजवलं आणि इंटरनेटवर टाकलं. खाली लिहिलं: संगीत, गिटार, बेस, प्रोग्रॅमिंग, मिक्सिंग. सगळीकडं माझंच नाव. लोकांना आवडलं. विशेषतः संबळ आवडलं.

लेड झेपेलिनवर माझा फार जीव. १९६९ च्या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातला मोठा भाग विली डिक्सन या ब्लूजवाल्याच्या गाण्यावरून उचलला होता, ते मडी वॉटर्सनं १९६२ सालीच गायलं होतं. डिक्सननं १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली, मग कुठं त्याचं नाव लागलं. हा किस्सा मी मित्रांना कितीदा तरी तावातावानं सांगितलाय. माझं गाणं अपलोड केल्यानंतरही सांगितलाय.

पुढच्या नवरात्रात ते संबळवाले भेटले. त्यांच्या भाच्यानं गाणं शोधून ऐकवलं होतं. रागावले नव्हते, ते जास्त वाईट होतं.

"ह्यो ठेका माझा हाय न्हवं?"

"व्हय मामा."

"मग नाव?"

मी म्हणालो, "पारंपरिक आहे ना मामा ते. लोकसंगीत." हे बोलताना माझा आवाज अगदी त्या पार्टीतल्या माणसासारखा आला, मला स्वतःला ऐकू आला.

ते म्हणाले, "गाणं देवीचं हाय, बरुबर. हात माझाच की."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. ज्या क्षणी आपण 'लोकसंगीत' म्हणतो त्या क्षणी आपण एका माणसाचा हात पुसून टाकतो, आणि हे पुसायला साहेब लागत नाही, पुण्याचा माणूस लागत नाही. तुळजापूर तालुक्यातला, संबळ ऐकत वाढलेला पोरगाही पुरतो.

गाणं खाली उतरवलं. मामांना पैसे दिले. किती ते त्यांनी ठरवलं आणि माझ्या अंदाजापेक्षा कमी सांगितलं, तेही जरा लागलंच. नव्यानं टाकताना त्यांचं नाव पहिलं लिहायचं ठरलं. या लेखात मात्र लिहू का विचारलं तर नको म्हणाले, "लेखात मी काय वाजवलं न्हाई."

अपलोड करायच्या आधी त्यांना एकदा ऐकवलं. डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, "तुझ्या गिटारीचा आवाज फाटतोय. स्पीकर गेलाय का?"

मुद्दाम फाडलाय म्हणून सांगितलं. आयॉमीचं, त्या ब्लेडनं चिरलेल्या स्पीकरचं, सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा लावायला लावलं.

"असू दे मग. पर संबळ वर घे जरा, दबतंय."

तीन डेसिबलनं वर घेतलं.