निर्भयतेचा सेतू

लोणावळ्यानजीक उगम पावणारी इंद्रायणी मावळातून देहूकडे जाते. याच मावळातील भंडारा डोंगरावर तुकोबांनी चिंतन केले. त्या तुकोबांच्याच सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. सोवळे व बहिष्कार यांच्या धास्तीने लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. जातिभेद ईश्वराने नव्हे, माणसाने केला, हे उमगताच ती धास्ती गळाली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नाताळाच्या या मंगलदिनी आम्हांस वाटते, की उपास्य कोणतेही असो, जी श्रद्धा मनातील भय हरते आणि भ्यालेल्या शेजाऱ्यास धीर देते, तीच खरी. आपल्या देवघरातील श्रद्धाही प्रत्येकाने याच कसोटीवर पारखावी.