विश्लेषण : शहरात प्रशिक्षित मिडवाइफ का सापडत नाही?

पुण्या-मुंबईत बाळंतपणासाठी डॉक्टर शोधणे अवघड नाही. नात्यातली, शेजारची, ऑफिसातली कुणी ना कुणी नाव सुचवते. पण ‘स्वतंत्रपणे बाळंतपण करण्याचे प्रशिक्षण घेतलेली मिडवाइफ कुठे मिळेल,’ असे विचारा. समोरची व्यक्ती आधी ‘म्हणजे सुईण का?’ असे विचारेल आणि मग गप्प बसेल. यात तिचा दोष नाही. केंद्र सरकारने अशा मिडवाइफ तयार करण्याचे धोरण डिसेंबर २०१८ मध्येच जाहीर केले. ते सामान्य कुटुंबाच्या दारापर्यंत पोहोचलेले नाही, हा खरा प्रश्न आहे.

ही मिडवाइफ नेमकी कोण?

ती सुईण नव्हे आणि प्रसूती कक्षातली नेहमीची परिचारिकाही नव्हे. सुईणीचे ज्ञान अनुभवातून आणि परंपरेतून आलेले असते. परिचारिका बहुतेक ठिकाणी डॉक्टरांच्या सूचनेनुसार काम करते. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ हे नवे पद आणले. आधीच पात्र आणि अनुभवी असलेल्या परिचारिकेने त्यासाठी आणखी १८ महिन्यांचे प्रशिक्षण घ्यायचे. गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात तपासणी, सल्ला, प्रत्यक्ष बाळंतपण आणि नंतरची काळजी ही सगळी जबाबदारी तिची. धोक्याचे लक्षण दिसले की ते वेळेत ओळखून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवणे, हाही तिच्या कामाचाच भाग. म्हणूनच तिची केंद्रे डॉक्टर आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांतच असावीत, अशी ही रचना आहे. घरी बाळंतपण करा, असे हे धोरण सांगत नाही.

तिची गरज काय?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होतात. ही मोठी कमाई आहे. त्याच सर्वेक्षणात सिझेरियनचे प्रमाण २१.५ टक्के आढळले. सरकारी रुग्णालयांत ते १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के होते. म्हणजे खासगीत जवळपास दोघींपैकी एकीचे सिझेरियन. गुंतागुंतीच्या केसेस तर अनेकदा खासगीतून सरकारी रुग्णालयाकडे पाठवल्या जातात. त्यामुळे एवढी तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी समजावून सांगता येत नाही. सिझेरियनचे प्रमाण लोकसंख्येच्या पातळीवर १० टक्क्यांच्या वर गेल्यावर माता आणि नवजात मृत्यू आणखी घटताना दिसत नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये नमूद केले होते.

गरज असेल तेव्हा सिझेरियन जीव वाचवते, यात वाद नाही. वाद आहे तो घाईचा. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालू शकतात. तेवढा वेळ तिच्याजवळ थांबणारे, चालायला-फिरायला लावणारे, धीर देणारे आणि बाळाचे ठोके पाहणारे माणूस लागते. एकाच वेळी ओपीडी, ऑपरेशन आणि तीन दवाखाने सांभाळणाऱ्या डॉक्टरांकडून ते होत नाही. कळा देताना सतत सोबत मिळालेल्या महिलांमध्ये नैसर्गिक प्रसूती जास्त आणि सिझेरियन कमी होतात, असा निष्कर्ष २६ अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून २०१७ मध्ये निघाला. मिडवाइफचे निम्मे कौशल्य थांबण्यात आहे.

शोधताना घोडे अडते कुठे?

पहिली अडचण नावाची. आपल्याकडे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या परिचारिकेची राज्याच्या परिचर्या परिषदेत ‘परिचारिका आणि मिडवाइफ’ अशी जोडनोंदणी होते. त्यामुळे कागदावर मिडवाइफ असंख्य आहेत. त्यातली कोणी प्रसूती कक्षात रोज काम करते, तर कोणी दहा वर्षे अतिदक्षता विभागात आहे. केवळ नोंदणीवरून १८ महिन्यांचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे, हे कळत नाही.

दुसरी अडचण गोंधळाची. शहरांत हल्ली ‘डूला’ मिळतात. त्या सोबत करतात, धीर देतात, श्वासाचे व्यायाम शिकवतात. हे काम मोलाचे आहे. पण ते वैद्यकीय काम नव्हे. डूला बाळाचे ठोके पाहून निर्णय घेत नाही, रक्तस्राव थांबवण्याचे औषध देत नाही. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींत मात्र डूला, प्रसूती प्रशिक्षक आणि मिडवाइफ हे शब्द एकमेकांत मिसळलेले दिसतात.

तिसरी अडचण पैशांची. मिडवाइफच्या देखरेखीखाली बाळंतपण करणारी मोजकी खासगी केंद्रे मोठ्या शहरांत आहेत. पण ती सगळ्यांच्या खिशाला परवडणारी नाहीत. जिला या सेवेची सर्वाधिक गरज आहे, ती महापालिकेच्या प्रसूतिगृहात रांगेत उभी असते.

इतरत्र जमले आहे का?

शेजारच्या तेलंगणचे उदाहरण बोलके आहे. याच सर्वेक्षणात तिथे सिझेरियनचे प्रमाण ६०.७ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते. या राज्याने २०१७ मध्ये हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाच्या आणि युनिसेफच्या मदतीने सरकारी परिचारिकांना मिडवाइफचे प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम करीमनगरपासून सुरू केला. राष्ट्रीय धोरण त्यानंतर आले. एवढ्याने तिथला प्रश्न सुटला, असे कोणी म्हणणार नाही. पण सरकारी पगारावरची परिचारिका सरकारी रुग्णालयात हे काम करू शकते, एवढे तिथे दिसून आले.

डॉक्टरांचे आक्षेप रास्त आहेत का?

काही अंशी आहेत. काही बिघडले तर नातेवाईक जाब विचारतात तो डॉक्टरांना, हे खरेच. म्हणून मिडवाइफच्या अधिकारांबरोबर तिची कायदेशीर जबाबदारीही लिखित हवी. राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे; त्याच्या नियमांत ही स्पष्टता आणता येईल. मात्र ‘परिचारिकांच्या हाती बाळंतपण सोपवणे धोक्याचे’ हा आक्षेप टिकत नाही. आजही अनेक सरकारी प्रसूतिगृहांत रात्री-अपरात्री बाळ हातात घेते ती परिचारिकाच. आपण तिच्याकडून काम करून घेतो. प्रशिक्षण, अधिकार आणि श्रेय तेवढे देत नाही.

सध्या कुटुंबांनी काय करावे?

सातवा महिना लागण्यापूर्वी रुग्णालयाला थेट विचारावे. इथे मिडवायफरीचे विशेष प्रशिक्षण घेतलेली परिचारिका आहे का? ते प्रशिक्षण कुठे आणि किती महिन्यांचे झाले? कळा सुरू असताना माझ्याजवळ कोण असेल आणि घरची एक व्यक्ती सोबत थांबू शकेल का? चालण्याची, हवी ती स्थिती घेण्याची मुभा आहे का? तातडीच्या सिझेरियनची सोय याच इमारतीत आहे का? गेल्या वर्षी इथे किती टक्के सिझेरियन झाली? उत्तर टाळणारे रुग्णालयही एक प्रकारे उत्तरच देत असते. मात्र रक्तदाब, मधुमेह, जुळी किंवा आधीचे सिझेरियन असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांची देखरेख हवीच.

सरकारने काय करावे?

तीन गोष्टी पुरेशा आहेत. एक, प्रशिक्षण पूर्ण केलेल्या मिडवाइफची जिल्हावार यादी परिचर्या परिषदेच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता यावी. दोन, शहरांतील महापालिका प्रसूतिगृहांत त्यांची पदे निर्माण करावीत आणि प्रशिक्षित मिडवाइफची बदली दुसऱ्या वॉर्डात करू नये. नाहीतर १८ महिने वाया. तीन, प्रत्येक रुग्णालयाला आपले सिझेरियनचे प्रमाण दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत मिळण्याचा हक्क जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ मध्ये दिला. ते निगुतीने, सन्मानाने आणि कुणाच्या तरी सोबतीने होण्याचा हक्क अजून बाकी आहे. ती सोबत ओळखीपाळखीने किंवा पैसे मोजूनच मिळत असेल, तर २०१८ चे धोरण कागदावरच राहिले असे म्हणावे लागेल.