अर्धवट डोस, अखंड नाला

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंविषयी मराठीत जे काही छापून येतं, त्यात आरोपी आधीच ठरलेला असतो: पाच दिवसांचा डोस तिसऱ्या दिवशी सोडून देणारा रुग्ण. त्याच्या जोडीला चिठ्ठी न बघता गोळ्या काढून देणारा केमिस्ट आणि साध्या सर्दीला अ‍ॅझिथ्रोमायसिन लिहिणारा डॉक्टर. नोव्हेंबरात जनजागृतीचा आठवडा आला की या तिघांना फैलावर घेतलं जातं, पोस्टरं लागतात, आणि मग पुढच्या नोव्हेंबरापर्यंत सामसूम. तिघांचाही दोष आहेच. त्यांची वकिली करायला मी बसलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच, की या आरोपपत्रात नाल्याचं नाव घातलेलंच नाही, आणि त्यामुळे महापालिका साक्षीदाराच्या बाकावर आरामात बसून आहे.

पुण्याची मुठा घ्या. नदीच्या गाळातल्या जीवाणूंची सगळी जनुकं वाचून काढणारा भारतीय आणि स्वीडिश संशोधकांचा एक अभ्यास 2017 साली ‘वॉटर रिसर्च’ या नियतकालिकात आला. नदी शहरात शिरण्यापूर्वीचा गाळ आणि शहरातला गाळ त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासला. प्रतिजैविकांना हाणून पाडणारी जनुकं शहरातल्या गाळात तीस पट जास्त भरली. एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी अशी 175 प्रकारची जनुकं तिथे सापडली. त्यांत एनडीएम होतं, केपीसी होतं. म्हणजे मेरोपेनेमसारखं राखून ठेवलेलं औषध निकामी करणारी जनुकं. काही नमुन्यांत तर तपासलेल्या जीवाणूंपैकी 29 टक्क्यांपर्यंत एकट्या अ‍ॅसिनेटोबॅक्टरचं कूळ निघालं. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या माणसाला गाठणारे जीवाणू याच कुळातले. ज्याने आपल्या माणसाचा कल्चर रिपोर्ट हातात घेतला आहे, औषधांच्या नावांपुढे वरून खालपर्यंत ‘आर’, ‘आर’, ‘आर’, म्हणजे लागू नाही, आणि तळाशी कोलिस्टिनपुढे एकुलता एक ‘एस’, म्हणजे लागू, पाहिला आहे, त्याला या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

यावर पहिला पूर्वपक्ष ठरलेला. म्हणे, अशी जनुकं निसर्गात असतातच. खरं आहे. कॅनडातल्या युकॉन प्रांतात 30,000 वर्षं गोठलेल्या मातीतही ती सापडली आहेत. पेनिसिलिन माणसाच्या हाती येण्याच्या कितीतरी आधीची. बुरशी आणि जीवाणू यांचं आपसातलं रासायनिक युद्ध आपल्यापेक्षा फार जुनं. पण मुठेचा शहराबाहेरचा गाळ हाही निसर्गच होता की! निसर्गाचा वाटा तिथे मोजून झाला. शहरात आल्यावर जे तीस पट झालं, ते निसर्गाच्या खात्यावर कसं टाकणार? मुठेच्या त्याच अभ्यासात कोलिस्टिनला निकामी करणारं एक जनुक शहरात न सापडता वरच्या अंगाच्या एका नमुन्यात सापडलं, याकडे बोट दाखवणारा कुणी असेल तर त्याने जरूर दाखवावं. त्यातून सिद्ध होतं ते इतकंच, की शहराबाहेरची नदीही आता सोवळी राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रतिजैविकांचा वापर कमी केला की जीवाणूंचा त्यांना असलेला रोध कमी होईल, नदीच्या मागे कशाला लागता? इथे 2018 सालचा, ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मधला, पीटर कॉलिन्यॉन आणि सहकाऱ्यांचा लेख वाचावा. 103 देशांची आकडेवारी मांडून त्यांनी पाहिलं, की ज्या देशात औषधं जास्त खाल्ली जातात तिथे रोध जास्त, असं सरळ गणित निघतच नाही. सांडपाण्यासारख्या पायाभूत सोयी आणि कारभाराची गुणवत्ता जिथे बरी, तिथे रोध कमी. थोडा विचार केला तर यात नवल नाही. रोध कुणाच्या तरी आतड्यात निपजतो, त्याला औषधाचा गैरवापर पुरतो. पण तो त्या आतड्यातून दुसऱ्याच्या आतड्यात जायचा तर वाट लागते, आणि ती वाट मैल्याची असते. शौचालय, ड्रेनेज, नाला, नदी, मळा, मेथीची जुडी, ताट. ही वाट तुटली तर डोस अर्धवट सोडणाऱ्याचं पाप बरंचसं त्याच्याच पोटात राहतं. ती उघडी असेल, तर इमानेइतबारे शेवटची गोळी घेणाऱ्यालाही त्या पापाचा वाटा मिळतो. रुग्णाला शहाणपण शिकवणाऱ्या पोस्टरला काही हजार रुपये लागतात आणि मलवाहिन्यांना शेकडो कोटी, म्हणून आपल्याला पोस्टर आवडतं. कारण दुसरं काही नाही.

वाहतं पाणी निर्मळ असतं, हा तिसरा पूर्वपक्ष. त्याच्या मागे केवळ श्रद्धा नाही, थोडं शास्त्रही आहे. अर्नेस्ट हॅन्किन या इंग्रज जीवाणुशास्त्रज्ञाने 1896 मध्येच नोंदवलं होतं, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जीवाणू मरतात. जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंचं ते काम असावं, असं पुढे मानलं गेलं. पण असा विषाणू आपलं ठरावीक सावज सोडून इतरांकडे ढुंकून बघत नाही, आणि रोज शहरभराचा मैला ओतला तर त्याने तरी किती खावं? त्याच गंगेवर, तेही हृषीकेश-हरिद्वारच्या तुलनेने स्वच्छ पट्ट्यात झालेल्या, 2014 साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं, की यात्रेच्या हंगामात, मे-जूनमध्ये, पाण्यातलं एनडीएम जनुक कित्येक पटींनी वाढतं. माणसं आली, त्यांच्यासोबत त्यांची आतडी आली. तेवढी मलव्यवस्था मात्र तिथे नव्हती. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते आणि तिथून पंढरपुरात चंद्रभागा होते. आषाढीला तिथे स्नान करणाऱ्या माणसाला आपण नदीची महती ऐकवतो. वरच्या अंगाला आपण नदीत काय सोडलं, ते ऐकवत नाही.

‘आम्ही कुठे नदीचं पाणी पितो?’ हा पुणेकरी प्रश्न. दिल्लीकरांनाही असंच वाटत होतं. 2010 च्या पावसाळ्याअखेरीस तिथल्या रस्त्यांवरच्या साचलेल्या, झिरपलेल्या पाण्याचे 171 नमुने घेतले गेले. 51 मध्ये एनडीएम जनुक होतं. नळाच्या 50 नमुन्यांपैकी दोनमध्येही होतं. तेव्हा आपल्याकडे सगळा राग निघाला तो जनुकाच्या नावात ‘न्यू दिल्ली’ असल्याबद्दल आणि हा परदेशी डाव असल्याबद्दल. नळ मात्र कुणी उघडून पाहिला नाही. पुण्याबद्दल बोलायचं तर जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव भागात गुइलेन-बारेचे रुग्ण भराभर निघाले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. तो प्रसंग रोधाचा नव्हता. पण मैला आणि पिण्याचं पाणी यांच्यात आपण समजतो तेवढं अंतर नसतं, हे त्याने दाखवलं. शिवाय नदी नळातूनच येते असं थोडंच आहे? मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचं वापरलेलं पाणी उपसून जुन्या बेबी कालव्यात सोडतात आणि ते हवेली-दौंडकडच्या शेतांना जातं. त्या पाण्याच्या वासाबद्दल शेतकरी वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. त्या शेतातलं पीक बाजारात येतं, आणि बाजार आपलाच.

आता खरा प्रतिपक्षी: ‘एसटीपी, म्हणजे मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं, होताहेत, मग प्रश्न मिटला.’ हे म्हणणारे लोक नदीचे शत्रू नाहीत, म्हणून त्यांच्याशी जरा सविस्तर भांडावं लागतं. जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठेसाठी 2016 साली करार झाला. खर्च सुमारे 990 कोटी, अकरा शुद्धीकरण केंद्रं. 2022 च्या मार्चमध्ये पायाभरणी झाली तेव्हा खर्च 1,470 कोटींवर गेला होता. ही सहा वर्षं नाले काही थांबले नव्हते. तरी केंद्रं होऊ द्या, ती हवीतच. प्रश्न आहे तो ती कशासाठी बांधली जातात याचा. मैलापाणी शुद्धीकरणाचं तंत्र जन्माला आलं ते पाण्यातला सेंद्रिय माल खाऊन टाकायला, म्हणजे नदीतला प्राणवायू वाचवायला. एअरेशन टँकमध्ये हवा सोडतात ती त्यासाठीच: जीवाणूंनी पोटभर खावं, वाढावं. त्या तपकिरी, खदखदणाऱ्या पाण्याच्या एका थेंबात कोट्यवधी जीवाणू असतात. घराघरांतले, दवाखान्यांतले, सगळे एकत्र, आणि सोबत लघवीतून आलेला औषधांचा अंश. रोधाची जनुकं बहुधा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या गोल डीएनएवर असतात. परीक्षेच्या हॉलमध्ये चिठ्ठी फिरते तसं ते या बाकावरून त्या बाकावर जातं, आणि बाकं जितकी खेटून तितकं बरं. कूळ वेगळं असलं तरी अडत नाही.

केंद्रातून जीवाणूंची संख्या घटते, हे मान्य. पण हिशेब करून बघा. शंभर मिलिलिटर कच्च्या मैलापाण्यात आतड्यातले, म्हणजे कोलिफॉर्म, जीवाणू एक कोटी धरले आणि 99 टक्के गेले, तरी एक लाख उरतात. 99 टक्के म्हटलं की अभिनंदनाचा फलक लागतो. नदीला मिळतात ते उरलेले लाख. त्यांच्यातलं रोधक जीवाणूंचं प्रमाण घटेलच, याचीही खात्री नाही. शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरणांचा टप्पा नीट चालला तरच ही संख्या खऱ्या अर्थाने खाली येते, आणि खर्च वाचवायचा म्हटलं की हाच टप्पा पहिल्यांदा ढिला पडतो. शिवाय केंद्रापर्यंत न पोचणाऱ्या नाल्याला या सगळ्या तंत्राचा काय उपयोग? दुसऱ्या बाजूला 44 किलोमीटर काठ सुशोभित करण्याचा प्रकल्प आहे. काठ देखणा असावा, माझी हरकत नाही. पण लोकांना पाण्याजवळ आणून बसवण्याआधी पाण्यात काय आहे ते बघायला नको?

एक पळवाट उरते: ‘खरे गुन्हेगार औषध कारखाने.’ हैदराबादजवळच्या पाटनचेरूला, सुमारे 90 कारखान्यांचं पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात 2007 च्या अहवालानुसार लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन होतं. औषध घेतलेल्या माणसाच्या रक्तातही ते इतकं नसतं. त्या भागातले ओढे मांजरा नदीला मिळतात. ही मांजरा बीड जिल्ह्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी, आपलीच. तिथे रोध नुसता वाहून येत नव्हता, तिथे तो पोसला जात होता. केंद्र सरकारने जानेवारी 2020 च्या मसुद्यात कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांना मर्यादा घातली. ऑगस्ट 2021 मध्ये अंतिम नियम आले तेव्हा ती मर्यादा त्यात नव्हती. कारखान्यांना ही पळवाट सरकारनेच बांधून दिली असं म्हटलं तर ते कठोर होईल, खोटं होणार नाही. पण मुठेतल्या तीस पटीला पाटनचेरू कारण नाही. तो माल आपल्याच घरांतून आणि दवाखान्यांतून गेलेला आहे.

मग करायचं काय? नवं काठावरचं काम हाती घेण्याआधी नाले अडवून केंद्रापर्यंत न्यावेत. मोठ्या रुग्णालयांचं सांडपाणी गावाच्या मैल्यात मिसळण्याआधी तिथेच निर्जंतुक करून घ्यावं. शेवटच्या औषधाला न जुमानणारे जीवाणू सगळ्यात दाट तिथेच असतात. 2020 च्या मसुद्यातली मर्यादा परत आणावी. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर 2024 मध्ये प्रतिजैविकं बनवणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्यावर ‘जगात कुठेच नियम नाही’ ही सबबही उरलेली नाही.

आणि मोजमाप सुरू व्हावं. आजची केंद्रं बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय मालाचं माप) आणि कोलिफॉर्मवर पास-नापास होतात. त्या कोलिफॉर्मांपैकी कितींना औषध लागू पडतं, हे कुणी विचारत नाही. त्यासाठी स्वीडनला नमुने पाठवायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सुचवलेल्या पद्धतीचा गाभा साधा आहे: एकाच पाण्यातला ई. कोलाय दोन प्लेटींवर वाढवायचा, एक साधी आणि एक सेफोटॅक्सिम घातलेली. दुसऱ्या दिवशी दोन्हींवरचे ठिपके मोजायचे आणि भागाकार करायचा. कोलिफॉर्म मोजणाऱ्या प्रयोगशाळेला यासाठी इमारत लागत नाही, निविदा तर अजिबात लागत नाही. विठ्ठलवाडी, संगम पूल, बंडगार्डन आणि प्रत्येक केंद्राचं बाहेर पडणारं पाणी, असे आकडे दर महिन्याला जाहीर व्हावेत. पहिला नमुना मुंढव्याच्या जॅकवेलवर घ्यावा, कारण तिथलं पाणी थेट शेतात जातं.