ओवाळतानाचे शब्द

दिवाळीत ओवाळताना आपण म्हणतो, 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.' आपल्या परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या पहिल्या कथासंग्रहाचं नावच 'इडा पिडा टळो'! शेतकरी, मजूर, गावकीत दबलेली माणसं त्यात भेटतात. पुढे 'आलोक'साठी त्यांना २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मला वाटतं, नुसतं कौतुक पुरे. पुस्तक घरात यायला हवं. देवगाव फाट्यावर बिऱ्हाड घेऊन थांबलेली ऊसतोड बाई दिसते, पण तिच्या मागे काय काय आहे, हे आपण कुठं विचारतो? अशा कथा वाचल्या की विचारावंसं वाटतं. मैत्रिणींनो, संक्रांतीला प्लॅस्टिकचे डबे लुटण्यापेक्षा दहाजणींनी वर्गणी काढा, एक पुस्तक घ्या, आळीपाळीनं वाचा. पिडा कुणाची, हेच कळलं नाही तर ती टळायची कशी?