कपाटाची किल्ली कोणापाशी?

शाळा उघडल्या की पालकांचे बोलणे शुल्क आणि गणवेश या दोनच गोष्टींभोवती फिरते. शाळेतील पुस्तकांच्या कपाटाची चौकशी करणारा पालक आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. मध्यंतरी सीमाभागातील एका मराठी शाळेत जाण्याचा योग आला. मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे काचेच्या दारांचे कपाट होते. पुस्तके नीट रचलेली, खाकी वेष्टणे घातलेली, पाठीवर क्रमांक घातलेले. कुलूप मात्र गंजलेले. मुले पुस्तके घरी नेतात काय, असे विचारता गुरुजी ओशाळले व म्हणाले, "साहेब, एखादे हरवले तर भरपाई माझ्या पगारातून द्यावी लागेल."

या गुरुजींस दोष देण्यास आमची लेखणी धजत नाही. दोष आहे तो 'डेड स्टॉक'च्या वहीचा. त्या वहीत खुर्ची, घंटा, नकाशा आणि पुस्तक एकाच पंगतीला बसतात, आणि तपासणीला येणारा अधिकारी संख्या जुळली की संतुष्ट होऊन जातो. कोणती पुस्तके मुलांनी वाचली, हे तो विचारीत नाही. किती शिल्लक आहेत, एवढेच विचारतो. अशा व्यवस्थेत पुस्तक सुरक्षित ठेवण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ते कोणालाही न देणे. गुरुजींनी तोच पत्करला.

मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळदंडांनी फळीला बांधून ठेवीत. मद्रासचे गणिताचे अध्यापक आणि पुढे ग्रंथपाल झालेले डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतील पहिला हाच, की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. वरवर पाहता हे सांगावयास शास्त्रज्ञ कशाला हवा, असे कोणासही वाटेल. परंतु आमच्या शाळांत नव्वद वर्षांनंतरही हा पहिला नियमच अमलात यावयाचा आहे, मग उरलेल्या चारांची गोष्टच नको. साखळीच्या जागी कुलूप आले, इतकाच काय तो फरक.

पैसा नाही म्हणून हे अडले आहे, असेही नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे व त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्वच्छ लिहिले आहे. समग्र शिक्षा योजनेने २०१८ साली सरकारी शाळांसाठी वर्षाला पाच हजारांपासून वीस हजार रुपयांपर्यंतचे ग्रंथालय अनुदान ठरवून दिले. रक्कम मोठी नाही. पण कपाट दोन-तीन वर्षांत भरावयास पुरेशी आहे. भरलेले कपाट उघडावयाचे कोणी, हा प्रश्न पैशाने सुटत नाही.

तो सुटला होता बडोद्यास. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि लगेच त्यांच्या ध्यानात आले की शाळा सोडल्यावर हाती पुस्तक नसेल तर शिकलेले मूल पुन्हा निरक्षर होते. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या गावोगाव फिरविण्यास आरंभ झाला. पुस्तक गमावेल म्हणून पेटी पाठविणे कोणी थांबविले नाही. एका मराठी राजाने शंभर वर्षांपूर्वी गुजराती खेड्यांतील मुलांसाठी जे केले, ते आम्ही आमच्याच मुलांसाठी करू नये काय?

महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. कलामांचा जन्मदिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. कल्पना उत्तम. परंतु तसबिरीस हार, दोन भाषणे, पुस्तक उघडे धरून बसलेल्या मुलांचे छायाचित्र आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप, असा प्रकार झाला तर ती प्रेरणा कोणास मिळाली? ज्यांच्या नावे हा दिवस, ते कलाम बालपणी रामेश्वरम येथे चालत्या गाडीतून फेकले जाणारे वर्तमानपत्रांचे गठ्ठे झेलीत असत. मजकूर असा अंगावर येऊन पडला पाहिजे! कार्यालयातील काचेआड तो पडत नाही.

आमच्या मते करावयाचे ते अगदी साधे आहे. पुस्तके मुख्याध्यापकांच्या खोलीतून वर्गात आणावी. भिंतीला आडवी दोरी बांधून तिच्यावर ती वाळत घातल्यासारखी लटकवली तरी चालेल. कपाटाहून ती दोरी बरी. देवघेवीची वही सातवीतल्या दोन मुलांच्या हाती द्यावी. ती वही शिक्षकांहून अधिक काटेकोरपणे ठेवतात, हे ज्याने मुलांवर विश्वास टाकून पाहिला त्यास ठाऊक आहे. रोज वीस मिनिटे शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावे, आणि उत्कंठा वाढली की नेमके तेथे थांबावे. पुस्तक घरी जाऊ द्यावे. आणि कृपा करून 'वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहून आणा' हे फर्मान काढू नये. गोष्टीनंतर सारांश येणार असे कळले की मूल गोष्टच टाळते. अधिक पुस्तके वाचणारास बक्षीस, हीही युक्ती आम्हांस पसंत नाही. मुले मग पातळ पुस्तके निवडतात, आणि त्यांचे काय चुकले?

वर्षाला शेकडा पाच पुस्तके फाटणार, हरवणार, हे आधीच धरून चालावे व तितकी पुस्तके वहीतून कमी करण्याचा अधिकार मुख्याध्यापकास द्यावा. फाटलेले पुस्तक हा शाळेचा गौरव समजावा.

येथील मराठी मुलाची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्याच्या रस्त्यावरच्या पाट्या, कचेरीतील कागद, मोटारीवरची नावे मराठीत नाहीत. क्रमिक पुस्तक सोडले तर छापील मराठी त्याच्या दृष्टीस पडते ती वर्तमानपत्रात आणि लग्नपत्रिकेत. कर्नाटक सरकारने २०२० साली ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांतून मुलांसाठी 'ओदुव बेळकु' हा उपक्रम सुरू केला, सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस विनामूल्य सभासद करून घेतले. चांगल्यास चांगले म्हणण्यास आम्ही कचरत नाही. आमची मुले कानडी पुस्तके अवश्य वाचोत. मात्र ज्या गावची मुले मराठी शाळेत जातात, तेथील ग्रंथालयात त्यांच्या भाषेची पुस्तके असावीत, ही मागणी त्याच उपक्रमाच्या हेतूस धरून आहे आणि ती आम्ही करीत राहू.

महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ साली. त्या वर्षी जन्मलेले मूल शाळा संपवून केव्हाच बाहेर पडले. निकालासाठी थांबता येते, तिसरीच्या वर्गास थांबता येत नाही. आणि येथे आम्ही स्वतःसही सोडीत नाही: मोर्चांवर याच पानात रकानेच्या रकाने खर्ची घालणाऱ्या आम्ही शाळेच्या कपाटावर आजवर किती ओळी लिहिल्या? बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. ज्या गावाने इतक्या आधी वाचनालय काढले, त्या गावच्या शाळेत पुस्तक कुलपात असावे, याची लाज सरकारच्या आधी आम्हांस वाटावयास हवी.

गणेशोत्सव मंडळांनी, माजी विद्यार्थ्यांनी एकेक शाळा वाटून घ्यावी. पुस्तके देताना माळ्यावरची रद्दी देऊ नये. जुनी गाईडे आणि वाळवीने चाखलेली चरित्रे यांचे दान पुष्कळ झाले. साने गुरुजी द्यावे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्यावा, १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर'चे अंक द्यावेत. पक्षी, यंत्रे, क्रिकेट, भुते या विषयांवरची पुस्तकेही द्यावीत. भुतांस शिक्षकांनी हरकत घेऊ नये.

ज्या मुख्याध्यापकांची कपाट उघडण्याची तयारी असेल त्यांनी आम्हांस एक पत्र टाकावे. हरवलेल्या पुस्तकांची पहिल्या वर्षाची भरपाई वाचकांकडून गोळा करून देण्याचे आम्ही पत्करतो. पत्रात पुस्तकांची यादी नको. किल्ली कोणत्या वर्गाकडे दिली, तेवढे कळवावे.