उत्तम, अधम आणि सीमेवरचा प्रेक्षक

सन २०२५ च्या चित्रपटांचा ताळेबंद मांडताना आमच्या मते उत्तमाचा मान ‘साबर बोंडं’ला द्यावा लागेल. वडिलांच्या सुतकात गावी आलेल्या मुलाची आणि बालमित्रावरील त्याच्या प्रेमाची ही संयत कथा सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळवून आली. ‘दशावतार’ने आपल्या किनारपट्टीच्या लोककलेस रुपेरी पडद्यावर मान दिला. अधमांत आम्ही ‘हाऊसफुल ५’ धरतो. एकाच चित्रपटाचे दोन शेवट काढून प्रेक्षकाच्या खिशात दोनदा हात घालणे हा विनोद नव्हे, व्यापार होय.

परंतु अशी निवड करण्याची संधी सीमेवरील मराठी माणसास कितपत मिळते? १९५६ च्या पुनर्रचनेत बिदरचे उदगीर-निलंगा मुंबई राज्यात आले. भालकी, औराद आणि गुलबर्ग्याचे आळंद म्हैसूरकडे गेले. घरातली मराठी मात्र घरातच राहिली. तेथील पडद्यावर चांगला कानडी चित्रपट लागतो, हे योग्यच. त्याच पडद्यावर आठवड्यातून एखादा मराठी खेळ लावून पाहण्यास वितरकांची हरकत का असावी? उत्तम चित्रपट आपल्याच प्रेक्षकापर्यंत न पोहोचणे, याहून वाईट खेळ कोणता?