चाकू घेताय? आधी हे वाचा!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)

'खिशात चाकू' असं नुसतं म्हटलं तरी डोळ्यांसमोर कोण येतं? गळ्यात रुमाल बांधलेला हिंदी सिनेमातला गुंड आणि त्याच्या हातातला तो 'खट्ट' करून उघडणारा रामपुरी! या सिनेमावाल्यांनी एका साध्या, उपयोगी वस्तूची जेवढी बदनामी केली तेवढी दुसऱ्या कुणी केली नसेल. पण आपणही काही कमी नाही. चाकू घ्यायचा म्हटल्यावर आपल्यातल्या बहुतेकांना नेमका तोच सिनेमातला चाकू हवा असतो!

विषय निघायचं कारण सगळ्यांना माहीत आहे. गेल्या सेमिस्टरला बॉईज हॉस्टेलमध्ये रूम तपासणी झाली आणि तीन चाकू सापडले. एक बटन दाबलं की उघडणारा, एक काळाकुट्ट, 'कमांडो' टाइप, दातेरी पात्याचा, आणि एक बोटाएवढा घडीचा चाकू, ज्याने त्याचा मालक सफरचंद कापायचा. तिघांनाही सारखाच दंड, तिघांच्याही घरी सारखंच पत्र. नियमावलीत 'धारदार वस्तू बाळगू नयेत' एवढंच वाक्य आहे, त्यामुळे रेक्टर सरांचाही इलाज नव्हता म्हणा. पण मला विचाराल तर पहिल्या दोघांचं जे झालं ते बरोबर झालं आणि तिसऱ्याचं चुकलं. हा फरक का करायला हवा, हेच सांगायला हा लेख.

(मी स्वतः डे-स्कॉलर, डोंबिवलीहून रोज ठाण्याला येणारी. शाळा कॉन्व्हेंटची, मराठी आठवड्यातून मोजून चार तास. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाबद्दल संपादकांना बोल लावावा!)

हॉस्टेलवाल्यांना चाकू लागतो, ही गोष्ट आधी मान्य करू या. दुधाची पिशवी, कुरिअरचं खोकं, मॉडेलसाठीचा थर्माकोल, वायरचं इन्सुलेशन, मे महिन्यात घरून आलेली आंब्याची पेटी. हे सगळं आज कशाने कापलं जातं? दाढीच्या अर्ध्या ब्लेडने! ते अर्धं ब्लेड दोन बोटांत धरून वायर सोलताना आमच्या प्रोजेक्ट ग्रुपमधल्या एका ज्युनियरच्या अंगठ्याला तीन टाके पडले. ब्लेडला मूठ नाही, ते वाकतं, मोडतं आणि वापरून झालं की गादीखाली किंवा खिडकीत पडून राहतं. म्हणजे 'धारदार वस्तू' हॉस्टेलमध्ये आहेतच, फक्त सगळ्यात वाईट प्रकारच्या आहेत.

आता कायदा. इथे व्हिडिओ बघून शहाणे झालेले बरेच जण छातीठोकपणे सांगतात, 'तीन इंचांपर्यंत चालतो.' कुठून आलं हे तीन इंच? तर १९८० साली दिल्लीसाठी एक अधिसूचना निघाली. बटनाचे, गरारीचे, स्प्रिंगचे चाकू, ज्यांचं पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असेल, ते तिथे परवान्याशिवाय बाळगायला बंदी झाली. ७.६२ सेंटिमीटर म्हणजेच तीन इंच. नियम दिल्लीचा, आणि आपण तो कल्याण-डोंबिवलीत मिरवतोय! देशभराच्या शस्त्र नियमांत (२०१६) नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे, त्यातही घरगुती, शेतीच्या आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेल्या वेगळ्या काढल्या आहेत. हे वाचून कुणाला वाटेल, मग काय, आठ इंची घेऊन फिरा!

थांबा. आपल्याला लागू पडणारी खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती वर्तमानपत्रात आतल्या पानावर एका छोट्या चौकटीत येते: 'पोलीस आयुक्तालय हद्दीत मनाई आदेश.' महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ (जुनं नाव मुंबई पोलीस अधिनियम), कलम ३७(१). सण, निवडणूक, मोर्चे असं काही असलं की पोलीस आयुक्त हा आदेश काढतात, बहुधा पंधरा-पंधरा दिवसांचा. त्यात तलवारी, भाले, सोटे, बंदुका, सुरे, काठ्या आणि 'शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू' बाळगायला मनाई असते. इंच-बिंच काही नाही! आदेश मोडला तर कलम १३५ खाली एक वर्षापर्यंत तुरुंगवास. ठाणे आयुक्तालयात ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हे सगळं येतं. आणि आपल्याकडे दहीहंडी, गणपती, नवरात्र, निवडणुका... मनाई आदेश नाही असे दिवसच शोधावे लागतील. 'डोंबिवली फास्ट' (२००५) मधल्या माधव आपटेच्या हातात चाकू नव्हता, क्रिकेटची बॅट होती. त्या कलमाच्या भाषेत बॅटसुद्धा बसते, हे लक्षात घ्या.

म्हणून माझं पहिलं आणि थोडं निराश करणारं मत: लोकलने येणाऱ्या माझ्यासारखीने चाकू रोज खिशात बाळगूच नये. अमेरिकेतल्या माणसाची 'एव्हरी डे कॅरी' आपल्याला परवडणारी नाही. तो स्वतःच्या गाडीने ऑफिसला जातो, मी सकाळच्या गर्दीत डोंबिवलीला चढते. आपल्यासाठी चाकू ही रूमवर, ड्रॉवरमध्ये किंवा ड्राफ्टर-कॅल्क्युलेटरसोबत लॅबच्या बॅगेत ठेवायची वस्तू आहे. बॅग घेऊन बाहेर निघालात की चाकू काढून ठेवायचा. ट्रेकला नेताना सॅकच्या तळाशी, टिफिन आणि फळांबरोबर. आणि विमानात केबिन बॅगेत तर मुळीच नाही, सिक्युरिटीवाले काढून घेतात आणि परत देत नाहीत.

इथे आमच्या मावशीसारखे लोक विचारतात, 'अगं, पण मुलीच्या जातीला संरक्षणाला नको का?' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१३ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या जयंतीच्या सुमारास शिवसेनेने मुंबईत महिलांना चाकू वाटले होते. एकवीस हजार वाटणार, पातं तीन इंची, अशा बातम्या आल्या होत्या. त्यामागची चीड मला समजते. रात्रीच्या लोकलमध्ये लेडीज डबा रिकामा होत जातो तेव्हा काय वाटतं ते मुलांना सांगून कळणार नाही. पण मला हा उपाय पटत नाही. बॅगेच्या तळातला चाकू शोधून, घडी उघडून, कधी कुणावर हात न उगारलेल्या मुलीने तो वापरायचा, आणि समोरचा तेवढा वेळ उभा राहणार? बहुतेक वेळा तो चाकू समोरच्याच्याच हातात जाईल. त्यापेक्षा ११२ आणि रेल्वेचा १३९ हे नंबर मोबाइलवर वरच ठेवा, आणि शक्यतो गार्डाच्या जवळच्या डब्यात बसा. जो 'संरक्षणासाठी' म्हणून चाकू घेतो तो आपोआप मोठा, काळा, एका हाताने झटकन उघडणारा चाकू निवडतो. म्हणजे निवड तिथेच बिघडली.

बरं, मग घ्यायचा कोणता?

लहान आणि दिसायला निरुपद्रवी. पातं दोन-अडीच इंचांच्या आत. बटन नाही, स्प्रिंगने उडणारं पातं नाही, दाते नाहीत, काळा रंग नाही. उघडायला दोन्ही हात लागले पाहिजेत, नखाने खाचेत धरून पातं ओढायचं. असा चाकू टेबलावर काढला तर शेजारचा 'मला पण एक फोड दे' म्हणतो, घाबरून मागे सरकत नाही. ही माझ्या मते सगळ्यात मोठी कसोटी.

लॉक असावं की नसावं यावर आमच्या वर्गात चांगलं भांडण झालं. लॉकवाल्यांचं म्हणणं, पातं अचानक बोटांवर मिटत नाही, म्हणून सुरक्षित. बरोबर आहे. पण बिनलॉकच्या चाकूत पाठीमागे एक पट्टीची स्प्रिंग असते, ती पात्याच्या बुडाशी दाबून बसते आणि पातं उघडं धरते. धारेच्या बाजूने जोर दिला की पातं आणखी उघडायला बघतं, म्हणजे कापताना ते मिटायचा प्रश्नच नाही. ते मिटतं कधी? टोकाने भोसकलं, खुपसलं किंवा पाठीवर ठोकलं तर. म्हणजे जे काम चाकूचं नाही ते केल्यावर! पहिल्या चाकूने ही शिस्त लावलेली बरी. लॉकचा चाकू दुसरा घ्या, हात बसल्यावर.

स्विस चाकूचं उदाहरण बघा. 'आर्मी' म्हटलं की आपल्याला लढाई आठवते. पण १८९१ मध्ये कार्ल एल्सनर यांच्या कारखान्यातून स्विस सैन्याला गेलेल्या चाकूत काय होतं? एक पातं, एक आर, डबा उघडायचं हत्यार आणि रायफल खोलायला स्क्रूड्रायव्हर. सैनिकाकडे लढायला रायफल होतीच, चाकू जेवणाच्या डब्यासाठी होता! त्याच कंपनीचा आजचा सगळ्यात छोटा चाकू मिटल्यावर ५८ मिलिमीटर भरतो, त्यात कात्री आणि नखं घासायची कानसही असते. हॉस्टेलला तेवढा पुरे. बजेट नसेल तर साधा घडीचा फळं कापायचा चाकूही वाईट नाही, पण तो हातात घेऊन, बघून घ्या.

बघायचं काय? पातं उघडून टोकाजवळ धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. खुळखुळलं तर खाली ठेवा. मिटल्यावर पातं दोन्ही बाजूंच्या मधोमध बसतं का बघा, एका बाजूला घासत असेल तर रिव्हेट तिरका आहे. उघडताना शेवटी 'टक्' असा ठाम आवाज आला पाहिजे. आणि कृपा करून लोहचुंबक लावून बघू नका! आपल्याकडे घरोघरी समज आहे की चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस स्टील नकली. डबे-ताटांचं स्टील ऑस्टेनिटिक असतं, त्याला चुंबक बहुधा चिकटत नाही. पण पात्याला कडकपणा हवा म्हणून ते मार्टेन्सिटिक असतं, आणि त्याला चुंबक चिकटणारच. उलट न चिकटणारा चाकू मिळाला तर संशय घ्या. (मटेरियल्सच्या सबमिशनचा एवढा तरी उपयोग झाला.) पात्यावर 'मेड इन यूएसए' कोरलेलं असेल तर आपल्या भागात त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन हे सांगायला नकोच.

कडकपणाचे आकडे बघून भुलू नका. रॉकवेल सी स्केलवर ५५ ते ५८ चं पातं भरपूर झालं. साठच्या वरचं जास्त दिवस धार धरतं खरं, पण ते बोथट झाल्यावर हॉस्टेलमध्ये बसून त्याला धार लावायला घ्याल तर दुपार जाईल, आणि कडेचा टवका उडायची भीती वेगळी. मऊ पात्याला धार लवकर येते. दगड नसेल तर चिनी मातीचा मग पालथा घाला. त्याच्या बुडाची खरखरीत, बिनचकाकीची कडा असते ना, तिच्यावर पंधरा-वीस अंशांचा कोन धरून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा हलकेच ओढा. टोमॅटो न दाबता कापला गेला म्हणजे झालं. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी द्या, कात्री द्या, हा चाकू देऊ नका. एवढं पातळ पातं कोरड्या चाकावर क्षणात तापतं, ठिणग्या उडतात, आणि कड निळी पडली की टेंपरिंग गेलं. मग कितीही घासा, धार चार दिवस टिकत नाही.

आता रेक्टर सरांना विनंती. 'धारदार वस्तू' या दोन शब्दांऐवजी नियमात तीन ओळी घाला: अडीच इंचांच्या आतलं, बिनलॉकचं, दोन हातांनी उघडणारं पातं चालेल. ऑफिसच्या रजिस्टरमध्ये नाव आणि रूम नंबरसह नोंद हवी. गॅदरिंगच्या आठवड्यात चाकू ऑफिसात जमा. बटनाचे, मोठे, लपवलेले चाकू पूर्वीसारखेच जप्त, त्यात दयामाया नको. शिवाय प्रत्येक मजल्यावर वापरलेली ब्लेड टाकायला एक झाकणाचा पत्र्याचा डबा ठेवा, तो तर उद्यासुद्धा ठेवता येईल. कुणी म्हणेल, भांडणात छोटा चाकूही निघू शकतो. निघू शकतो. कंपासही निघू शकतो, आणि वर्कशॉपमधली कानस तर आपण रोज हातात घेतो. नोंद असलेल्या चाकूचा मालक निदान माहीत तरी असतो.

या मसुद्याचा अर्ज टाईप करून झाला आहे. सह्यांचा कागद गर्ल्स हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाशेजारी आणि मेकॅनिकलच्या ड्रॉइंग हॉलमध्ये ठेवला आहे. सफरचंदवाल्याची सही पहिली आहे.